दिव्याभोवतीचं खळं

जून सरत आला की मस्कतची हवा ओली होते. पाऊस नाही, ढग नाही, नुसती ओल. गार खोलीतून गॅलरीत पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या होतात आणि समोरचं जग पुसलं जातं. बाकीचे लोक काचा पुसतात, हसतात, चालू लागतात. मी जग परत येईपर्यंत श्वास रोखून उभा राहतो.

मस्कतच्या अझैबा भागात मुलाच्या घरी आमची गॅलरी रस्त्यावर उघडते. संध्याकाळची बांग संपते, जुन्या विमानतळाच्या बाजूचे दिवे लागतात आणि प्रत्येक दिव्याभोवती एक फिकट गोल उमटतो. आतून निळसर, कडेला तांबूस. चंद्राभोवती असा गोल पडला तर त्याला आपण खळं म्हणतो. वसईला आमच्या वाडीत भात झोडायच्या सारवलेल्या गोल जागेलाही खळंच म्हणत. लहानपणी मला वाटायचं, तिकडे वरही कुणाचा तरी भात कापून झालाय.

"लुसी, त्या कोपऱ्यावरच्या दिव्याला खळं पडलंय का?" मी बायकोला विचारतो.

"पडलंय. कालही पडलं होतं."

"तुला स्पष्ट दिसतंय?"

"तुमच्यापेक्षा स्पष्ट. आता खळं कसं असतं ते मला शिकवा तुम्ही. आत या, चहा निवतोय."

मग मला सुटल्यासारखं होतं. तिलाही दिसतं म्हणजे ते हवेत आहे, डोळ्यात नाही. सगळं मस्कत या दमट दिवसांना कंटाळतं, मी मात्र त्यांच्यात लपून बसतो. मला भीती वाटते ती कोरड्या संध्याकाळची. पश्चिमेकडून वाळवंटाचा वारा सुटतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, डोंगराच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसू लागतात. तशा संध्याकाळी मी पडदे ओढून घेतो आणि लुसीला काहीच विचारत नाही.

उद्या सकाळी मला एका ठिकाणी जायचंय. पाय निघत नाहीत. त्याआधी एका जुन्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्या उन्हाळ्याची जी हकिगत मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, ती खरी नव्हती. खोटीही नव्हती, म्हणून तर ती इतकी टिकली.

हेच दिवस होते. खजूर पिकायचे. आमचे ओमानी शेजारी दरवर्षी या सुमारास ताज्या खजुरांचं ताट पाठवतात. त्यातले काही खजूर अर्धेच पिकलेले असतात. देठाकडचा भाग पिवळा, करकरीत, खाल्ला तर जीभ आखडते. टोकाकडचा तपकिरी, मऊ, नुसती साखर. एकाच फळात दोन ऋतू. ते ताट आलं की मला सहमची आठवण येते, आणि आठवण आली की मी ताट लुसीकडे सरकवतो.

सहम म्हणजे मस्कतहून वर, बातिना किनाऱ्यावरचं गाव. दुकानांची रांग, तिच्यामागे खजुराच्या आणि लिंबाच्या बागा, त्यापलीकडे समुद्र. तिथे दाऊदभाय राहायचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. मिसरूड फुटायच्या वयात मामाबरोबर आला आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. अशा माणसाला इथे खत्तात म्हणतात, सुंदर अक्षर काढणारा. तो आपल्या गावाबद्दल एकच विनोद नेहमी करायचा. "मास्तर, हिंदीत सहमना म्हणजे घाबरणं. लोक विचारतात, किदर रहता है? मी सांगतो, सहम में. म्हणजे जन्मभर घाबरूनच ऱ्हायलो की."

मास्तर मी. शाळेत कधी शिकवलं नाही. मुंबईला चित्रकलेच्या अभ्यासक्रमात होतो, तो अर्धा सोडला. हात चालत नव्हता. डोळा होता, हात नव्हता, असं मी स्वतःची समजूत घालायला म्हणायचो. मग ओमानात आलो, एका हॉटेलच्या खरेदी खात्यात चिकटलो. चादरी, पडदे, साबण, आणि खोल्यांतल्या भिंतींवरची चित्रं. दर हिवाळ्यात मस्कतमधल्या दार्सैतला एका मित्राच्या हॉलमध्ये आमची मराठी मंडळी जमायची. वसईचे, मुंबईचे, कोकणातले. सतरंजी अंथरून, दिवे मालवून मी भिंतीवर युरोप-अमेरिकेतल्या चित्रकारांची चित्रं दाखवायचो आणि त्यांची आयुष्यं सांगायचो, म्हणून मी मास्तर.

मी रंगवून सांगत असे, हे कबूल केलं पाहिजे. तो डच माणूस, ज्याची पहिली चित्रं मातीतून नुकत्याच काढलेल्या बटाट्याच्या रंगाची होती, आणि मग तो दक्षिणेत उन्हाच्या गावी गेला आणि त्याचा पिवळा पेटला. तो स्पॅनिश दरबारी चित्रकार, रेशीम आणि जाळी अशी काढायचा की हात लावावासा वाटे, आणि बहिरा झाल्यावर म्हातारपणी त्यानं स्वतःच्या घराच्या भिंती काळ्या भुतांनी भरल्या. दुसरा एक स्पॅनिश, तरुणपणी सगळं निळं, मग सगळं गुलाबी, मग माणसांचे चेहरे फुटलेल्या आरशासारखे. तो अमेरिकन, कॅनव्हास जमिनीवर पसरून अंगणात सडा घालावा तसा रंग शिंपडत त्याभोवती फिरणारा. ती अमेरिकन बाई, वाळवंटात जाऊन राहिली आणि फुलं सोडून हाडं रंगवू लागली. मी सांगायचो, शैली बदलते तेव्हा माणूस पुन्हा जन्मतो. लोक गप्प होऊन ऐकायचे. एकदा आमच्यातल्या एका वहिनींनी अंधारातून विचारलं, "मास्तर, यातला एखादा तरी रविवारी घरी जेवायला असायचा का हो?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते आवडलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी, उठायच्या आधी, मी त्या फ्रेंच म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचो. तळ्याकाठी बसून जन्मभर पाण्यातली कमळं रंगवणारा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. निळा गेला, हिरवा गेला. तळ्यावरचा छोटा पूल, जो आधी पानांसारखा कोवळा होता, तो गंजाच्या आणि विस्तवाच्या रंगात विरघळला. चित्रात पूल शोधावा लागतो. मी म्हणायचो, डोळे गेले तेव्हा त्याला खरं दिसायला लागलं. मग दिवे लावायचो. दिवे लावायची ती जागा मी नीट निवडलेली होती.

संगणकावर छापलेल्या पाट्या आल्या आणि खत्तातांचं काम आटलं. त्या सुमारास आमच्या हॉटेलची एक बाजू नव्यानं सजत होती. भिंतींना चित्रं हवी होती, प्रसिद्ध चित्रांच्या हातानं काढलेल्या नकला. आमच्या मंडळींतल्या एकाच्या ओळखीनं मी दाऊदभायला ते काम दिलं. छापील चित्रं त्याला नेऊन द्यायचो, आणि त्या उन्हाळ्यात जवळजवळ दर शुक्रवारी हॉटेलच्या गाडीतून तयार झालेली आणायला जायचो.

त्या शुक्रवारांचा वास अजून नाकात आहे. टर्पेंटाइन, वाळत घातलेले तारले मासे, आणि उन्हात फुटलेल्या खजुराची गोड आंबूस वाफ. दाऊदभायच्या दुकानामागे जागेच्या मालकाची बाग होती. बागेत झावळ्यांची शेड, तिच्यात दाऊदभायचा स्टँड. दिवसा रंग हातातच वाळे, म्हणून तो दुपार कलल्यावर बसायचा आणि मग दिवा लावून पुढे. वरून एक बल्ब लोंबायचा. समोर जमिनीवर गोल चटया अंथरून खजूर वाळत घातलेले असायचे. त्याची मुलगी रेहाना, तेव्हा कॉलेजात जायच्या वयाची, सुलेमानी चहा आणून ठेवायची आणि बापाच्या चित्राकडे मान वाकडी करून बघायची.

"काका, अब्बा आजकाल चित्र पुरं करीत नाय," ती म्हणाली होती. "कडेला सोडून देतात."

मला ते आधीच दिसलं होतं. पहिल्या काही नकला छापील चित्रासारख्याच होत्या. मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. मध्यभाग तसाच, उलट अधिक दाट, अधिक जिवंत. पण कडांकडे जाता जाता झाडं नुसते डाग व्हायची, माणसं धुरकट व्हायची, कोपरे काळसर रिकामे. जणू एखाद्या नळीतून बघून काढलंय. मूळ चित्राची ती नक्कल राहिलीच नव्हती. ते दाऊदचं चित्र होतं.

मी त्या चित्रांसमोर उभा राहायचो. आयुष्यभर मी पुस्तकांतल्या चित्रकारांबद्दल बोललो होतो. आणि इथे, माझ्या डोळ्यांदेखत, सहमच्या एका पाटीवाल्याची शैली बदलत होती. ती मी सगळ्यांत आधी ओळखली होती. माझ्या नावावर एवढं तरी लागणार होतं.

एका शुक्रवारी मी पोचलो तेव्हा दुकानासमोर हशा चालला होता. एका शिंप्याच्या दुकानाची अरबी पाटी दाऊदभायनं रंगवून दिली होती. त्या दुकानाचे मालक, सफेद पायघोळ दिशदाशातले वयस्क ओमानी गृहस्थ, पाटी उभी धरून हिंदीत विचारत होते, "दाऊद, मेरा आधा नाम किदर गया?"

"अर्बाब, बोर्ड छोटा है, आप का नाम बडा है," दाऊदभाय म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. पण हसता हसता माझं लक्ष पाटीकडे गेलं. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. पाटीच्या डावीकडे अक्षरांना पुरेशी जागा होती, चांगली हातभर. ती कोरीच राहिली होती. पाटी लहान नव्हती. दाऊदला पाटीची डावी कड दिसलीच नव्हती.

मी ते पाहिलं. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. मी पाहिलं, आणि हसत राहिलो.

पुढच्या शुक्रवारी मी त्या डच चित्रकाराचं एक छापील चित्र नेलं होतं. रात्रीची खानावळ, छताला टांगलेले दिवे, आणि प्रत्येक दिव्याभोवती रंगाची वर्तुळं. मंडळींना ते दाखवताना मी म्हणायचो, हे दिवे नाहीत, ही त्या माणसाच्या मनातली खळबळ आहे. दाऊदभायनं चित्र हातात घेतलं. बल्बच्या उजेडात जवळ नेलं, लांब नेलं, मान इकडेतिकडे केली. मग खूश होऊन मान हलवली.

"बरोबर काढलंय यानं. हा नकली नाय."

"काय बरोबर काढलंय?"

"दिवा. दिवा असाच दिसतो. बाकीचे लोक खोटं काढतात, नुसता पिवळा टिपका. खळं सोडून देतात."

"तुम्हाला या बल्बाला खळं दिसतंय?"

"तुमाला नाय दिसत?" त्यानं वर बघितलं. "रोज नाय. ज्या दिवशी डोकं दुखतं त्या दिवशी लई. समुद्राची हवा, दुसरं काय."

मी बल्बाकडे बघितलं. हवा दमट होती, असेलही थोडं धूसर. मला नीटसं काही दिसलं नाही. पण मला दुसराच एक दिवा दिसला. आमच्या वाडीतल्या घराच्या ओट्यावरचा कंदील, आणि त्याच्यासमोर बसलेले माझे बाबा. "अंतोन, कंदिलाला खळं पडलंय. पाऊस येणार." आम्ही पोरं धावत अंगणात गेलो होतो. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे, आकाश स्वच्छ, चांदण्या टोचतील इतक्या ठळक. आम्ही हसलो. त्यानंतर बाबा दाराच्या चौकटीला खांदा धडकवायला लागले. मग ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायला लागली. मग कडी चाचपडणारा हात. डॉक्टरनं काचबिंदू हा शब्द उच्चारला तोवर बाबांना समोरचा डॉक्टरही नीट दिसत नव्हता. आईनं तो शब्द आमच्या घरात पुन्हा कुणाला बोलू दिला नाही. मोतीबिंदू चालायचा. त्यात मोती तरी आहे. काच म्हटलं की ती टाळी वाजवावी तसे दोन्ही हात कानांवर ठेवायची.

सहमच्या त्या शेडमध्ये तो शब्द माझ्या तोंडापर्यंत आला. दाऊदभाय ब्रश पुसत बसला होता, माझ्याकडे बघत, म्हणजे माझ्या थोडं बाजूला बघत. मी म्हणालो, "दाऊदभाय, चित्रकाराला असेच डोळे लागतात."

त्याला ते आवडलं. तो थोडा लाजला. मग त्यानं मला विचारलं, आणि हाच तो प्रश्न.

"मास्तर, तो तुमचा कमळवाला. मागच्या शुक्रवारी सांगितलेला. डोळे गेले, लाल दिसायला लागलं, तिथपर्यंत आलो आपण. पुढं त्याचं काय झालं?"

मी म्हणालो, "तो रंगवत राहिला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"वा," दाऊदभाय म्हणाला, आणि रंगवायला बसला.

पुढे काय झालं ते मला पाठ होतं. मित्र त्याच्या मागे लागले होते, शस्त्रक्रिया करून घे म्हणून. तो घाबरत होता. आपल्या आधी ज्यांनी ती करून घेतली आणि ज्यांचं बिघडलं, त्यांची नावं घेऊन तो टाळत होता. शेवटी करून घेतली. पट्टी बांधलेली असताना तो चिडला, ओरडला, पट्टी ओढून काढायला निघाला. मग त्याला एकदम सगळं निळं दिसायला लागलं, आणि तो आणखी घाबरला. जाड काचांचा चष्मा आला. आणि एक दिवस त्यानं विस्तवाच्या रंगातली आपली चित्रं पुन्हा पाहिली. त्यातली काही त्यानं नष्ट केली, काहींवर पुन्हा रंग चढवला. माझ्याकडच्या पुस्तकात जाड चष्म्यातला त्याचा फोटो होता. माझं सांगणं नेहमी त्या पानाच्या आधी थांबायचं. डॉक्टर आला की गोष्ट दवाखान्यात जाते, आणि मला ती देवळात न्यायची असायची.

दाऊदभाय गोष्टी ऐकून वागणारा माणूस होता. उरलेलं पान मी त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांच्या दवाखान्याच्या रांगेत असता. त्याला मोतीबिंदू नव्हता, हे खरं. काचबिंदूनं नेलेलं परत येत नाही. पण उरलेलं राखता येतं, आणि त्या उन्हाळ्यात राखण्यासारखं पुष्कळ उरलं होतं.

मी का थांबलो? याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही मला आवडत नाहीत. हिवाळ्यात हॉटेलच्या लॉबीत दाऊदच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन ठरत होतं आणि बोलणार मी होतो. आजारी पाटीवाल्याबद्दल कोण ऐकणार? हे पहिलं. दुसरं असं की तो शब्द मी त्याच्यासाठी उच्चारला असता तर तो माझ्या घराचाही झाला असता. बाबांचा मुलगा मीच होतो. मी दाऊदच्या डोळ्यांपासून पळालो तो स्वतःच्या डोळ्यांच्या भीतीनं, आणि वाटेत त्या भीतीला शैली असं नाव देऊन टाकलं.

प्रदर्शन झालं. मी बोललो. "बघा, या चित्रकारानं कडा सोडून दिल्या आहेत. जगाचा गोंगाट त्यानं बाहेर ठेवला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाऊदभाय इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, बोलणाऱ्याच्या थोडं बाजूला बघून हसत होता. रेहानानं त्याचं कोपर धरलं होतं. सगळ्यांना वाटलं, मुलीची माया.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचं डोकं असं दुखलं की तो ओकायला लागला. दवाखान्यात नेलं. एक डोळा गेला होता, दुसऱ्यात सुईच्या नेढ्याएवढं उरलं होतं, तेही पुढे मिटलं. मी भेटायला गेलो तर तो मलाच समजावत होता.

"डॉक्टर विचारत होता, खळी कधीपासून दिसत होती, कुणाला सांगितलं नाय काय. मी म्हटलं, सांगितलं की, मास्तरांना. तो म्हणाला, ते डोळ्यांचे डॉक्टर हायत? मी म्हटलं, नाय, चित्रांचे."

आणि तो हसला. त्या हसण्यात काही नव्हतं. मी पुष्कळदा ते मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

नंतर माझं जाणं कमी होत गेलं. नाताळात केक पाठवायचो. हॉटेलनं ती चित्रं उतरवून छापील रेघोट्या लावल्या, मी निवृत्त झालो. दार्सैतची मंडळी अजून भेटली की म्हणतात, "मास्तर, तो तुमचा सहमचा चित्रकार, कडा सोडणारा." मी मान डोलवतो.

आता त्या सगळ्या चित्रकारांची मला भीती वाटते. जन्मभर मी त्यांना भिंतीवर मोठं करून दाखवलं, आता तेच माझ्याकडे बघतात. बहिऱ्या म्हाताऱ्यानं काळ्या भिंती रंगवल्या तेव्हा त्याला जेवण कोण देत होतं, हे मी कधी शोधलं नाही. वाळवंटातल्या त्या बाईला पुढे समोरचं दिसेनासं झालं, फक्त कडेचं दिसायचं, ती मातीची भांडी करायला लागली, हे मी सांगायचो, पण भांडं करताना तिची बोटं घाबरत होती का, हे माझ्या मनात आलं नाही. शैली बदलली, एवढं म्हणून मी पुढच्या चित्राकडे वळायचो.

गेल्या महिन्यात टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्या डाव्या हाताला लागून पडला. मला तो दिसला नव्हता.

"नाकासमोरचा पेला दिसत नाही," लुसी फरशी पुसताना म्हणाली, "आणि लांबच्या दिव्याचं खळं बरं दिसतं."

तिनं फडकं पिळलं आणि माझ्याकडे बघितलं. तिनं माझ्या बाबांना पाहिलेलं आहे.

मग या आठवड्यात रेहानाचा फोन आला. तिचं लग्न सहममध्येच झालं, नवऱ्याचं किराण्याचं दुकान आहे, बाप तिच्याकडे असतो. "काका, अब्बा विचारतायत, मास्तर औंदा खजुराला येणार की नाय." लुसीनं माझ्या हातून फोन घेतला आणि सांगून टाकलं, "शुक्रवारी पाठवते."

बस सहमला थांबली तेव्हा ऊन उतरत होतं. दार उघडलं. चष्मा धुकटला नाही. वारा पश्चिमेचा होता. कोरडा, भाजका, वाळूचा वास असलेला. समुद्र हाकेवर असून हवेत थेंब नव्हता.

दाऊदभाय अंगणात खाटेवर बसला होता. दाढी पांढरी झाली आहे, अंग भरलं आहे. समोर गोल चटईवर खजूर पसरलेले. हाक मारायच्या आधीच म्हणाला, "या मास्तर. पाय घासत चालायला लागलात."

रेहानानं चहा दिला आणि ती आत गेली. मी ठरवलं होतं की आधी इकडचं तिकडचं बोलू. जमलं नाही. मी एकदम म्हणालो, "दाऊदभाय, त्या कमळवाल्याची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती."

"तो रंगवत राहिला शेवटपर्यंत."

"हो. पण मध्ये त्यानं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं."

त्याचा खजूर चाळवणारा हात थांबला. मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, पट्टी, निळं, चष्मा, नष्ट केलेली चित्रं. मग शिंप्याची पाटी. मग बाबांचा कंदील. वाऱ्यानं झावळ्या वाजत होत्या.

"म्हणजे तुमाला त्याच दिवशी कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"हो."

त्यानं एक खजूर उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला.

"त्याला निळा परत दिसला?"

"दिसला."

"मना आठवत नाय आता निळा," दाऊदभाय म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लाल आठवतो, पिवळा आठवतो. निळा नाय."

माफी हा शब्द माझ्या तोंडात होता, पण त्याच्यासमोर तो मला लहान वाटला. आतून रेहानानं बटण दाबलं आणि अंगणातला दिवा लागला. टक्क आवाज झाला. दाऊदभायनं मान वर केली.

"दिवा लागला?"

"लागला."

"खळं हाय?"

मी दिव्याकडे बघितलं नव्हतं. आल्यापासून मी दिव्याच्या जागेकडे पाठ करून बसलो होतो. आता वळलो. आतून निळसर, कडेला तांबूस.

"आहे," मी म्हणालो. "हवेमुळे असेल."

दाऊदभायनं तोंड वाऱ्याकडे केलं. मग हाक मारली, "रेहाना, जरा भायेर ये. त्या बल्बाकडं बघ. खळं दिसतंय तुला?"

ती उंबऱ्यात आली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "कसलं खळं? नाय अब्बा. आज हवा कोरडी हाय, लख्ख दिसतंय."

दाऊदभायचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट त्यानं धरलं, घट्ट, पेशंटचं धरावं तसं नाही, पळणाऱ्याचं धरावं तसं.

"तुझा माणूस रविवारी मस्कतला जातोय ना," तो मुलीला म्हणाला. "मास्तरांना त्यांच्या घरून घे म्हणावं, डोळ्यांच्या दवाखान्यात ने. दारात सोडून येऊ नकोस म्हणावं. आत नेऊन बसव."

रेहानानं एकदा माझ्याकडे, एकदा दिव्याकडे बघितलं. तिला कळलं. "हां अब्बा," ती म्हणाली.

"मास्तर, भीती वाटते?"

"वाटते."

"त्या कमळवाल्याला?"

"त्यालाही वाटत होती. वर्षानुवर्षं. भीतीपायीच तो टाळत होता."

दाऊदभायनं मनगट सोडलं नाही. "हे पण तुमी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "हे सांगितलं असतंत तरी मी गेलो असतो."